दुरुस्ती मुरण्याचा सिद्धांत

वाहनाचा बिघाड ही आपत्ती नसून तो मालकाचा मूलभूत हक्क आहे, आणि जो माणूस आपला बिघाड परक्याच्या हाती सोपवतो तो उद्या दात घासायलाही माणूस ठेवील. (यातला दातांचा भाग आमच्या अध्यक्षांचा. ते दातांचे डॉक्टर असल्यामुळे त्यांचे दाखले सहसा तोंडाबाहेर जात नाहीत.)

याच विचारातून चार वर्षांपूर्वी आमचं 'स्वहस्ते दुरुस्ती मंडळ' स्थापन झालं. सभासद सात, गाड्या सात. त्यांतल्या चालू स्थितीतल्या किती, हे वार कोणता आहे यावर अवलंबून असतं, त्याचा खुलासा पुढे येईल. अध्यक्ष दातांचे डॉक्टर, कारण अंधाऱ्या अरुंद जागेत आरसा घालून काम करण्याचा अनुभव मंडळात फक्त त्यांनाच. चिटणीस भूगोलाचे मास्तर. मी स्वतः एका कचेरीत जुन्या फायली सांभाळतो, म्हणून नोंदवही माझ्याकडे. दर रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही जुन्या चादरी अंथरतो आणि सगळे गाडीखाली जातो. बाहेर फक्त पाय दिसतात. इमारतीतल्या एका आजींनी पहिल्याच रविवारी अँब्युलन्स बोलावली होती, पण आता त्यांना सवय झाली आहे.

मंडळाची नियमावली थोडक्यात अशी. एक, सभासद जिवात जीव असेपर्यंत मेकॅनिकची पायरी चढणार नाही. दोन, गाडीची माहितीपुस्तिका काम पूर्ण झाल्यावरच वाचावी, कारण आधी वाचली की हात बिचकतो. तीन, काम संपल्यावर उरणारे नट-बोल्ट हे कंपनीने भीतीपोटी जादा लावलेले आहेत असं समजावं. (चार ते सहा ही कलमं टॉर्च कोणी धरायचा याबद्दल असून त्यांवर अजून भांडण चालू आहे.) कलम सात असं: 'गाडीतील अनोळखी आवाजाचा उगम शोधताना सभासदाने डिकीत पडून राहावे व चालकास त्याची कल्पना देऊ नये, कल्पना दिल्यास चालक जपून चालवतो व आवाज लाजतो.' हे कलम मीच मांडलं होतं. एकमताने मंजूर झालं. टाळ्याही पडल्या.

आता मंडळाच्या मुख्य संशोधनाकडे वळतो.

चार वर्षांत आम्ही एकूण अठ्ठावन्न दुरुस्त्या केल्या. त्यांपैकी रविवारी संध्याकाळी यशस्वी ठरल्या सहा. एवढं वाचून कोणीही नाक मुरडेल. पण त्याच दुरुस्त्या मंगळवारी सकाळी तपासल्या, तेव्हा यशस्वी ठरल्या सत्तावन्न! रविवारी गदागदा हलवली तरी सुरू न होणारी गाडी मंगळवारी चावी फिरवताच सुरू होते. रविवारी ठिबकणारं तेल मंगळवारी ठिबकत नाही. हे एकदा झालं तर नशीब म्हणता येईल, पण सत्तावन्न वेळा झालं तर त्याला शास्त्रच म्हणावं लागतं. यावरून मी 'दुरुस्ती मुरण्याचा सिद्धांत' मांडला. दुरुस्ती केल्या केल्या लागू पडत नाही, ती मुरावी लागते, आणि मुरायला तिला सोमवारचा अख्खा दिवस लागतो. मास्तरांनी त्याचा आलेख काढून शेडमध्ये लावला आहे. (अपवाद एकच, मास्तरांचा वायपर. तो मुरला नाही. त्या आठवड्यात त्यांच्या पत्नी माहेरी गेल्या होत्या, पण त्याचा याच्याशी काही संबंध असेल असं मंडळाला वाटत नाही.)

हाच सिद्धांत घरकामालाही लागू पडतो, हे मी स्वतःच्या घरात सिद्ध केलं. मी वायरिंग केल्यावर दारावरची घंटा दाबली की न्हाणीघरातला दिवा लागायचा. मंगळवारी घंटा वाजली. मी बदललेला नळ रविवारी बंदच होईना, तेव्हा आम्ही त्याखाली आळीपाळीने बादल्या ठेवल्या. मंगळवारी बघतो तर थेंब नाही. "बघितलंस? मुरला," मी बायकोला म्हणालो. "हो ना," ती म्हणाली आणि भाजी चिरू लागली. तिला यंत्रांची आवड नाही, पण माझ्या कामात तिने कधी नाक खुपसलं नाही. अशी बायको मिळायला भाग्य लागतं, असं मी बैठकीत अनेकदा बोलून दाखवलं आहे. गंमत म्हणजे सातही सभासदांचं आपापल्या बायकांबद्दल हेच मत पडलं.

तर अशा भरभराटीच्या काळात आमच्या मुलीला पहिली नोकरी लागली. गाव तीन तासांवर, वाटेत मोठा उतार. आमची जुनी गाडी तिलाच द्यायची असं ठरलं. मंगळवारी सकाळी ती एकटीच गाडी घेऊन निघणार होती. बाप म्हणून मला काहीतरी द्यायचं होतं. घड्याळ देता आलं असतं. पण मी ठरवलं, तिला माझ्या हाताने बसवलेले ब्रेक द्यायचे.

रविवारी मी पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड बदलले. अध्यक्षांनी आरसा धरला आणि मास्तरांनी प्रोत्साहन दिलं. साडेचार तासांत काम फत्ते झालं. संध्याकाळी चक्कर मारली, तर ब्रेक दाबला की पुढून खर्रर्र असा आवाज. गाडी थांबायची, नाही असं नाही, पण आधी जरा विचार करायची. मी सगळ्यांना सांगितलं, मुरेल. पण खरं सांगायचं तर त्या रात्री माझा डोळा लागला नाही. वायपर मुरला नाही तर माणूस भिजतो. ब्रेक मुरले नाहीत तर? सिद्धांत माझा, आलेख भिंतीवर, आणि जागरणही माझंच.

म्हणून सोमवारी मी कलम सातचा अवलंब करायचं ठरवलं. सोमवारी दहाला बायको बाजाराला गाडी नेते, हे मला ठाऊक होतं. नेहमीप्रमाणे डबा आणि पिशवी घेऊन नऊला घरातून निघालो, कचेरीत रजा कळवली आणि पार्किंगमध्ये येऊन डिकीत शिरलो. आवाज पुढून येत असताना मी मागे का शिरलो, असा प्रश्न अज्ञ माणसाला पडेल. त्याला दोन उत्तरं आहेत. एक, आवाज मागून येत नाही हे आधी सिद्ध करणं शास्त्राला धरून आहे. दोन, बोनेटखाली माणूस मावत नाही. मी झाकण ओढून घेतलं. या डिकीचं कुलूप मी चार महिन्यांपूर्वी दुरुस्त केलं होतं. त्या रविवारी ते लागतच नव्हतं. मंगळवारपासून इतकं पक्कं लागू लागलं की आतून उघडण्याची काहीच सोय उरलेली नाही, हे मला आत गेल्यावर समजलं.

दहा वाजता बायको आणि मुलगी आल्या. गाडी सुरू झाली. मी एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात वही, मानेखाली स्टेपनी अशा स्थितीत कान टवकारले. पहिल्याच वळणावर आवाज आला, पण तो मुलीचा.

"आई, या वेळी बाबांना सांगून टाकूया. ब्रेक आहेत ते."

"काही सांगायचं नाही," बायको म्हणाली. "चार वर्षं सांगितलं नाही, आता काय सांगायचं? तू उद्या जाणार. घरात मी आणि ते. त्यांचा रविवार काढून घेतला तर मी त्यांचं करू काय?"

"पण मला भीती वाटते गं. म्हणजे बाबांवर माझा विश्वास आहे. त्यांच्या ब्रेकवर नाही."

"म्हणून तर चाललोय. दर वेळी सोमवारी जातोच की. नळाला माणूस आणला, घंटेला आणला, कधी कळलं का त्यांना? सोमवारी संध्याकाळी गाडीभोवती कसे फिरतात, पाहिलंयस ना? बाळाचा ताप उतरला की आया फिरतात तसे."

वहीत काय लिहावं ते मला सुचेना. मी सवयीने 'सोमवार, सकाळी दहा वाजून बारा मिनिटे' एवढं लिहिलं आणि थांबलो. राग यायला हवा होता. मी तो आणायचा प्रयत्नही केला. पण डिकीत आडवं पडून, गुडघे हनुवटीला लावून राग धरता येत नाही. लाज मात्र आली, कानांपर्यंत आली. सत्तावन्न दुरुस्त्या! आणि त्या लाजेच्या खालून, खोटं कशाला बोलू, एक मोठा सुस्कारा निघाला. कोणीतरी ते ब्रेक बघणार होतं.

गाडी थांबली. "या वहिनी," एक जाड आवाज म्हणाला. मेकॅनिकचाच असणार. "काल बैठक होती वाटतं. सकाळपासून रांग लागलीय. डॉक्टरांची गाडी आत आहे, मास्तरांची आत्ताच गेली. तुमचं काय?"

"ब्रेक. हिला उद्या तो मोठा उतार उतरून लांब जायचंय," बायको म्हणाली.

गाडीचं पुढचं अंग जॅकवर चढलं, मी घसरत मागच्या झाकणाला जाऊन टेकलो. पाने वाजले. चाक निघालं, आणि मग तो अगदी हळू म्हणाला, "वहिनी, हा पॅड उलटा बसवलाय. पत्रा आतल्या बाजूला येऊन चाकाच्या चकतीवर घासतोय. ताई उद्या या गाडीने उतार उतरणार होत्या?"

मी टॉर्चच्या उजेडात माझे हात बघितले. चार वर्षं मी ज्या हातांचे फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकले, तेच हे हात. मुलगी लहान असताना तिची सायकल मागून धरून मी धावलो होतो, तेही याच हातांनी. मी तिला काय द्यायला निघालो होतो? घड्याळ का नाही दिलं?

डॉक्टरांच्या पत्नी तिथेच होत्या. त्यांनी दोघींना समोर चहाला नेलं. जाताना त्या बायकोला म्हणाल्या, "आमच्यांनी काल हॉर्न दुरुस्त केला. आता वळलं की वाजतो." तिघी हसल्या. हसता हसता माझ्या बायकोचा आवाज जरा ओला झाल्यासारखा वाटला, पण पत्र्यातून नीट कळत नाही.

मग मेकॅनिक मागे आला. लांबचा प्रवास म्हणून स्टेपनीतली हवा बघायला त्याने डिकी उघडली.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी टॉर्च बंद केला. त्याने हातातला फडका खांद्यावर टाकला, रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "साहेब, सापडला का आवाज?"

"सापडला," मी म्हणालो.

"स्टेपनी जरा सरकवून द्या."

मी सरकवली. त्याने हवा भरली. मी अख्ख्या आयुष्यात कोणाला केली नसेल एवढी विनवणी करत म्हणालो, "त्या दोघींना सांगू नका, मला कळलंय हे."

"मी कोणाचं कोणाला सांगत नाही," तो म्हणाला. "डॉक्टरसाहेबांचं तरी कुठे सांगितलं? ते दोन वर्षांपूर्वी याच जागी सापडले होते. मास्तर मागच्या सीटखाली होते." मग माझी मान बघून त्याने बाकावरची गादी आणून दिली आणि झाकण अलगद, पूर्ण न लावता, टेकवून ठेवलं. माणूस आपल्या कामात पक्का आहे.

घरी आल्यावर दोघी वर गेल्या, तसा मी बाहेर पडलो आणि बागेत माझा डबा खाऊन साडेसहापर्यंत तिथेच बसलो. संध्याकाळी घरी गेलो. नेहमीप्रमाणे गाडीभोवती एक फेरी मारली. खिडकीतून दोघी बघत होत्या, म्हणून दुसरीही मारली. मंगळवारी सकाळी मुलीने गाडी फाटकापर्यंत नेली, ब्रेक दाबला, मान बाहेर काढली आणि ओरडली, "बाबा, एकदम मस्त!" मी हात हलवला. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत बायकोने माझा दंड धरून ठेवला होता.

पुढच्या रविवारी बैठकीत मी अहवाल वाचला. दुरुस्त्या एकसष्ट, मंगळवारअखेर यशस्वी साठ. सिद्धांताला पुन्हा एकदा पुष्टी मिळाली, असा ठराव मांडला. अध्यक्ष क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मीही त्यांच्याकडे बघितलं. मास्तर आलेखाकडे बघत होते. मग सातही हात वर गेले, आणि आम्ही चादरी अंथरून गाडीखाली शिरलो. (माझ्या वाट्याला फक्त काच पुसायचं काम यावं, अशी विनंती मी केली. ती कारण न विचारता मान्य झाली.)

आता आपण. आपण एवढा वेळ मजेत वाचत होतात, आणि या गृहस्थाला चार वर्षं कसं कळलं नाही म्हणून दोनदा तरी हसलात. साहजिक आहे. आपलं तसं नाही. आपण घरात जे काही स्वतःच्या हाताने करता, ते व्यवस्थितच होतं. ती भिंतीवरची फळी आपणच ठोकलीत, आणि इतक्या वर्षांत ती एकदाही पडली नाही. आज जेवताना सहज विषय काढा. म्हणा, "काय मजबूत बसवली होती मी!" उत्तराकडे लक्ष देऊ नका, उत्तर 'हो ना' असंच येईल. ते द्यायच्या आधी घरातले एकमेकांकडे बघतात का, तेवढंच बघा.