वामनरावांच्या खोलीतली जमीन

गोल्फ खेळायला शंभर एकर हिरवळ लागते असं तुम्हाला कोणी सांगितलं, तर त्याला खुशाल जळगाव जामोदला पाठवा! तिथं वामनरावांनी ते अख्खं मैदान बारा हात लांब आणि दहा हात रुंद खोलीत बसवलं होतं. निदान बसवत आणलं होतं. राहिली होती फक्त जमीन.

वामनराव खामगावच्या एका कापूस कंपनीत हेडक्लार्क होते. एकदा साहेबानं त्यांना कामासाठी मुंबईला नेलं, संध्याकाळी आपल्याबरोबर मैदानावर नेलं आणि गमतीनं त्यांच्या हातात काठी दिली. वामनरावांनी डोळे मिटून फटका मारला. डोळे उघडून पाहतात तो चेंडू वर चाललेला! वर, आणखी वर, उतरत्या उन्हात पांढरा ठिपका होऊन तरंगत राहिला, जणू त्याला खाली यायचंच नव्हतं. साहेब "शाब्बास" म्हणाला. बस, तेवढंच. पण नंतर इतकी वर्षं वामनराव जेवताना, हिशेब तपासताना, लोकांच्या लग्नात अक्षता टाकताना तोच चेंडू पाहत होते. साहेब विलायतेला परतला तेव्हा दोन चेंडू आणि एक जुनी काठी त्यांना देऊन गेला.

निवृत्त होऊन ते गावी आले तेव्हा महाराष्ट्राचं राज्य येऊन दोन उन्हाळे झाले होते. घराच्या मागच्या बाजूला एक रिकामी खोली होती. वामनरावांनी खामगावहून नाटकांचे पडदे रंगवणारा रंगराव पेंटर बोलावला आणि समोरच्या भिंतीवर टांगायला हिरवंगार मैदान, वर आभाळ, असा पडदा काढून घेतला. चेंडू पडद्यावर जिथं लागेल त्यावरून तो खरोखरच्या मैदानात किती लांब गेला असता ते आपण ताडायचं, अशी योजना. आहे की नाही डोकं!

"रंगराव, पडदा झकास झाला. पण गोल्फच्या मैदानात हरीण कशाले?"

"असू द्या. पडद्यात हरीण नसलं तं लोक पैसे वापस मागतात."

हरणासकट पडदा लागला. रोज दुपारी वामनराव त्याच्यासमोर खाट टाकून पडायचे. बाहेर ऊन रणरणत असायचं, आत मात्र हिरवळीवरून वारा यायचा. निदान त्यांना तरी यायचा. पण फटका मारायला उभं राहायचं कशावर? हिरवळ पडद्यावर उभी होती, पायाखाली आडवी कुठं होती? जमीन मऊ हवी पण पाय रुतता कामा नये, कडक हवी पण काठी मोडता कामा नये. या विचारात चैत्र गेला.

शेवटी त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई कंबरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

"आवो, पापड झाले, कुरडया झाल्या, गहू यायचा हाये. थे सारं काय तुमच्या हरणाच्या पाठीवर ठेवू?"

"अवं, फक्त जमीन ठरू दे."

"आखजीच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठरली तं खोली तुमची. नाई ठरली तं माझ्या मडक्यांची!"

सत्यभामाबाईंचा शब्द म्हणजे हायकोर्ट. तिथं अपील नव्हतं.

आखजीच्या, म्हणजे अक्षयतृतीयेच्या, संध्याकाळी वामनराव कामाला लागले. खोलीच्या मधोमध त्यांनी एक मोठा गोल आखला आणि भाकरीसारखे त्याचे सहा तुकडे केले. एकात शहाबादी फरशी, दुसऱ्यात नदीची वाळू, तिसऱ्यात सरकी, चौथ्यात ज्वारीचं कुटार म्हणजे भुसा, पाचव्यात काथ्याची चटई आणि सहाव्यात ओढ्याकाठून मुळांसकट आणलेली हरळी. मध्यभागी खड्डा खणून त्यात लहान घागर पुरली. चेंडू त्यात पडायला पाहिजे ना! एक चेंडू त्यांनी कौतुकानं आत ठेवूनही पाहिला. मग सगळ्यावर पाणी शिंपडलं. रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी एकेका तुकड्यावर उभं राहून एकेक फटका मारायचा. ज्यावरून चेंडू मुंबईसारखा उडेल ती जमीन पक्की! त्या समाधानात ते असे झोपले की उन्हं अंगावर येईपर्यंत जागे झाले नाहीत.

आता या भागात अक्षयतृतीयेला शेतात घट मांडतात. मधोमध खड्डा, त्यावर पाण्याची घागर, भोवती गोलात नाना तऱ्हेचं धान्य, आणि घागरीपाशी राजा म्हणून एक पानविडा. रात्री तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे काय हललं, काय जागेवर राहिलं ते पाहून जाणते लोक पावसापाण्याचं भाकीत सांगतात. हे वामनरावांना माहीत नव्हतं असं नाही. पण मुंबईच्या आभाळात चेंडू पाहणाऱ्या माणसाला ते आठवायचं कुठून!

सकाळी शेजारचे शेषराव विळा मागायला आले आणि मागच्या खिडकीतून पडद्याची कड सारून त्यांनी आत डोकावलं. विळा राहिला बाजूला. तासाभरात वामनरावांच्या अंगणात चाळीस माणसं, अकरा नारळ आणि एक कुंकवाचा करंडा जमला. वामनराव डोळे चोळत बाहेर आले तर दारात वहाणांचा ढीग!

"शेषराव, हे काय होय बे? काऊन जमले सारे?"

"वामनराव, घरात घट मांडला आन् आमाले सांगतलं नाई? एवढे परके झालो का आमी?"

"घट नाई थो! जमीन पाहून राह्यलो मी, जमीन!"

"तेच तं! साऱ्या गावाच्या जमिनीचं पाहून राह्यले तुमी."

तेवढ्यात ऐंशी वर्षांचे भगवंतराव काठी टेकत आले. पावसाबद्दल त्यांचा शब्द गावात शेवटचा. ते उंबऱ्यापाशी उकिडवे बसले.

"कुटार फुगलं," ते म्हणाले. "चाऱ्याले मरण नाई. सरकी सरकली. कपाशीले जपा." मग घागरीकडे वाकून म्हणाले, "हा पांढरा राजा घरातच हाये. राज्याले धोका नाई."

"राजा नाई थो, चेंडू हाये!" वामनराव ओरडले आणि गोलात पाऊल टाकायला निघाले. चार जणांनी त्यांना मागे ओढलं.

"घटात पाय? वामनराव, गावावर दुष्काळ आणता का?"

आतून चाळीस माणसांचा चहा ढवळत सत्यभामाबाईंनी आवाज दिला, "आवो, दुपार व्हायले एकच तास राह्यला बरं का!"

एक तासात सहा फटके मारायचे होते आणि त्यांच्याच खोलीत त्यांनाच पाय ठेवायला बंदी! त्यांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. एवढ्या वर्षांचा तो पांढरा ठिपका आता मडक्यांच्या उतरंडीखाली जाणार!

"भगवंतराव," ते हात जोडून म्हणाले, "हा खेळ हाये. एक डाव दाखवतो, मंग तुमीच सांगा."

भगवंतरावांनी विचार केला. "दाखवा. पन घटाच्या बाहिरून."

वामनरावांनी दुसरा चेंडू खिशातून काढला आणि दारालगत खाली ठेवला. काठी उचलली. आणि काय झालं कोण जाणे, चाळीस माणसं, नारळ, वहाणा, सगळं हळूहळू विरून गेलं. हरळीचा ओला वास आला. पडद्यावरची हिरवळ हलली. वामनरावांनी डोळे मिटले आणि मारला!

चेंडू हरणाच्या कानाला वारा घालून वर गेला, पडद्यावरच्या सगळ्यात मोठ्या ढगात शिरला, पडदा फाडून मागच्या उघड्या खिडकीतून बाहेर पडला आणि खऱ्याखुऱ्या आभाळात चढत गेला. फाटक्या ढगातून वामनरावांना तो दिसत होता. पांढरा ठिपका, तरंगणारा, खाली यायचं नाव न घेणारा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ढगातच गेला," भगवंतराव गंभीरपणे म्हणाले. "उजव्या अंगानं गेला. मंग पाऊस श्रावणात, आन् जोरदार!"

गाव खूश झालं. चहा पिऊन, नारळ फोडून मंडळी पांगली. वामनराव मात्र तसेच धावत स्वयंपाकघरात गेले.

"अवं, सापडली! मुंबईसारखाच उडाला! जमीन सापडली!"

"कोणती?" सत्यभामाबाई पदराला हात पुसत आल्या.

वामनराव त्यांना घेऊन खोलीच्या दारात आले. कोणती? फरशी? वाळू? गोलात तर कोणी त्यांना शिरूच दिलं नव्हतं! सत्यभामाबाईंनी दारालगत बोट दाखवलं. तिथं त्यांच्या टाचांचे दोन ठसे होते, साध्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर.

"ही?" वामनराव म्हणाले. "ही तं आपली नेहमीचीच."

"नेहमीची आपोआप राह्यते का? दर आठ दिवसाले कोण सारवते हिले? तुमी खाटेवर पडून आभाळ पाहत होते तवा खाटेखाली हात घालून सारवत होती मी!"

वामनरावांना खरोखर लाज वाटली. ओढा पालथा घातला, फरशीसाठी खामगावच्या दोन खेपा केल्या, पण पायाखाली एकदाही पाहिलं नव्हतं.

"बरं, शब्द म्हणजे शब्द," सत्यभामाबाई म्हणाल्या. "खोली तुमची. पन आजपासून जमीनही तुमचीच!"

त्या जमिनीची एकच खोड निघाली. एक फटका मारला की टाचेखालचा पोपडा निघतो आणि सारवल्याशिवाय दुसरा फटका मारता येत नाही. आजवर वामनरावांनी बावीस फटके मारले आणि बावीस वेळा धोतर खोचून खोली सारवली. फटका काही पुन्हा मुंबईसारखा बसला नाही. सारवण मात्र, सत्यभामाबाई म्हणतात, आता बऱ्यापैकी जमायला लागलं आहे!