औटरवर थांबलेली वरात

गणपतराव सांधेवाल्यांच्या अंगणात बांबूवर एक लाल फळी होती. फळी आडवी असली की घरात पाऊल टाकायचं नाही. दोरी ओढून ती खाली पाडली की खुशाल यायचं. दोरी ओढायचा अधिकार फक्त त्यांचा. डाकवाला हातात कार्ड घेऊन उन्हात उभा, आणि आत गणपतराव निवांत दाढी करत असायचे.

तीस वर्षं स्टेशनावर रुळांचे सांधे बदलून ते केनवडला परतले, पण रेल्वे काही त्यांना सोडेना. आंघोळ म्हणजे ‘पाणी भरणं’, राग म्हणजे ‘वाफ चढणं’, आणि माझ्यासारखा शाळामास्तर गप्पा मारत बसला की ते ‘शंटिंग’. बायको वारली, तेसुद्धा ‘मोठ्या जंक्शनले गेली’ असं सांगायचे.

घरात उरली एकुलती कौसल्या. तिला मागणी आली की गणपतरावांना खोट सापडायचीच. एकाचे बैल रोडके, दुसऱ्याचा मुलगा फार हसतो. अशी चार स्थळं त्यांनी ‘औटरवर’, म्हणजे स्टेशनाबाहेर, ताटकळत ठेवून परत पाठवली. पोरगी गेली की आपण एकटे, हे खरं कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. बोलत मात्र कुणी नव्हतं.

पाचवं स्थळ मालेगावचं, मी आणलेलं. कसे कोण जाणे, ते हो म्हणाले.

लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या दमण्या, म्हणजे हलक्या बैलगाड्या, शिवेवर आल्या. पूजा करून वरात गावात घ्यायची, एवढंच काम. आम्ही हळदकुंकू घेऊन उभे, आणि गणपतराव रस्त्याच्या मधोमध लाल झेंडी धरून. वाजंत्री थांबली. व्याही नेहमीच असे असतात का, असं नवरदेवाच्या मामांनी मला विचारलं. मध्यस्थाने अशा वेळी खाली बघायचं असतं, तसं मी बघितलं. मग गणपतरावांना बाजूला घेतलं.

“मास्तर, मले लाइन क्लिअर नाई भेटली.”

“कुणाकडून?”

“कौशीकडून. गाडी सोडाची त पुढच्या स्टेशनानं हो म्हनाव लागते. तुमी ठरवलं, मी ठरवलं, पन पोरीले कोनी इचारलंच नाई.”

मुलीला विचारायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. मलाही ते सुचलं नव्हतं, याची लाज वाटली. ती नाही म्हणाली तर बरं, असंही त्यांच्या मनात असेल, अशी शंका आली. झेंडी माझ्या हातात कोंबून ते मांडवाकडे चालते झाले. वरात मी अडवून धरली. मामांची वाफ चढत होती आणि मी शिकवलेली चार पोरं समोर उभी राहून मास्तरांची मजा बघत होती.

गणपतराव परतले ते हिरवी झेंडी घेऊन. चेहरा पार उतरला होता, पण झेंडी त्यांनी सरळ धरली. वरात आत आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाठवणी झाली. आम्ही सारे रडलो, गणपतराव नाही. दमण्या वळणाआड गेल्या, मंडळी परतली, हे मात्र रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिले. गाडी पोचल्याची खबर आल्याशिवाय जागा सोडता येत नाही, असा नियम त्यांनी मला ऐकवला. दिवेलागणीला मी त्यांना ओढून घरी नेलं. जेवले नाहीत. सकाळी शाळेत निघालो तर स्वारी पुन्हा त्याच दगडावर. मीही टेकलो.

तेवढ्यात मालेगावकडून एक गाडीवान आला. गणपत सांधेवाले कोण, म्हणून त्याने चौकशी केली आणि बैल थांबवले.

“कौसल्याबाईनं सांगतलं, गाडी पुरी पोचली. बाबा रस्त्यावरच बसून असतीन, त्याईले म्हना आता घरी जाऊन जेवा.”

गणपतरावांनी मान हलवली आणि मग ते रडले. गाडीवान गेला तरी रडत राहिले. मी त्यांना घरी नेलं, भाकरी वाढली आणि ते जेवेपर्यंत समोर बसलो. शाळा त्या दिवशी दुपारी उघडली.