सात वाजताची मोजणी

"एका संध्याकाळचं काम आहे," संघप्रियाने लालसूभाऊंना ठणकावून सांगितले. एटापल्लीकडच्या जंगलातल्या एक्केचाळीस घरांच्या सौर वीज संस्थेचे लालसूभाऊ अध्यक्ष. सचिव होते तिचे वडील, बापूराव. त्यांना जाऊन अठरा दिवस झाले होते आणि नव्या वर्षाचा दर रविवारच्या सभेत ठरायचा होता. बापाचे अर्धवट राहिलेले तेवढे काम नीट पार पाडायचे आणि सोमवारी नागपूर गाठायचे, हा तिचा बेत.

पद्धत बापूरावांच्या वहीत लिहिलेली होती. ऊन फुकटचे, बॅटरी विकतची. आणि बॅटरी केवढी लागणार हे सगळे गाव एकाच वेळी किती वीज ओढते त्यावर ठरते. म्हणून वर्षातून एकदा, संध्याकाळी सातला, बॅटरीच्या खोलीतले एक्केचाळीस मीटर वाचायचे. ज्याचा भार जितका, खर्चातला त्याचा वाटा तितका.

संघप्रिया पडली नियमाची. तिने भोंग्यावरून गावभर जाहीर केले, "गुरुवारी सात वाजता मोजणी आहे."

गुरुवारी सातला गाव असे विझले, जणू अमावस्येलाच संस्थेचे सभासद करून घेतले होते. चाळीस मीटर शून्यावर. चालू एकच, घर क्रमांक एक, म्हणजे बापूरावांचे. बापूरावांच्या खुर्चीवरचा दिवा तिच्याने विझवला गेला नव्हता, आणि फ्रीज चालू होता तो त्यांच्या अर्ध्या उरलेल्या इन्सुलिनच्या बाटलीसाठी. वहीच्या नियमाने गावाचा वर्षाचा अख्खा खर्च मयत सभासदावर आला.

"तू सांगतलं काऊन वो?" शेजारच्या बायनाबाई म्हणाल्या. "बापूनं सात वर्सं मोजलं. कोनत्या दिवशी मोजते, आमाले कदी समजलं नाई."

शुक्रवारी ती न सांगता मोजायला गेली. तरी अंधारच. गावाने साडेसहालाच जेवून घेतले होते.

"किती दिवस बसून राह्यणार असे अंधारात, भाऊ?"

"तू जायपावतो," लालसूभाऊ शांतपणे म्हणाले. त्यांच्याही घरात काळोख होता.

शनिवारी तिने हात टेकले. निदान बापावर बोजा नको. तिने बाटली काढून पिशवीत ठेवली, फ्रीज बंद केला, खुर्चीकडे न बघता दिव्याचे बटण दाबले आणि एक्केचाळीस शून्ये उतरवून घ्यायला बॅटरीच्या खोलीत जाऊन बसली.

पाचच मिनिटांत एक मीटर लुकलुकला. मग दुसरा. मग टीव्ही, पंखे, मिक्सर, कुणाची तरी पिठाची चक्की, सगळे गाव एकदम जागे झाले. तिने भराभर आकडे लिहून काढले.

दार उघडे दिसले म्हणून बायनाबाई डोकावल्या आणि जागीच थिजल्या.

"अवो, तू गेली नाई? बापूच्या घरचा दिवा इझला, म्हून आमाले वाटलं का पोरगी गेली."

"लिहून झालं, मावशी."

बायनाबाईंनी वहीत डोके घातले. "बापूचं किती आलं?"

"शून्य."

"घ्या," बायनाबाई म्हणाल्या. "आमाले तीन दिवस अंधारात बसवलं, आन सुटला तो एकटाच."