हाकेच्या अंतरावर

घराची किंमत ही माणसाच्या वजनासारखी असते. तिला स्वतःचा असा आकडा नसतो. विचारणारा कोण, यावर तो ठरतो. डॉक्टरांना सांगायचं वजन वेगळं, शिंप्याला सांगायचं वेगळं, आणि शाळेतल्या मैत्रिणीला सांगायचं असेल तर ते दाखवणारा काटा अजून निघालेला नाही. हे मी अधिकाराने सांगू शकते, कारण काटे तपासणं हाच माझा व्यवसाय आहे. दुकानातले तराजू, दवाखान्यातले वजनकाटे, प्रयोगशाळेतल्या मोजपट्ट्या माझ्या टेबलावर येतात आणि खरं बोलायला शिकून परत जातात. (माणसं येत नाहीत. तशी सोय नाही.)

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, खांबांवरून जाणाऱ्या नव्या रेल्वेचं स्टेशन होणार असं जाहीर झालं, तेव्हा इमारतीत सर्वांत आधी आनंद झाला तो माझ्या आईला. आई माझ्याकडे राहते. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, नदीपलीकडे राहते. दोघींचे गुडघे एकाच घराण्यातले असल्यामुळे तीन बस बदलून एकमेकींकडे जाणं दोघींनी कधीच सोडून दिलं होतं.

"लिफ्ट असणार ना गं?" आईने विचारलं.

"नकाशात आहे."

"नकाशात नको, स्टेशनात हवी."

बाकीच्या इमारतीला गुडघे नव्हते, सदनिका होत्या. त्यामुळे त्यांचा आनंद वेगळ्या जातीचा होता. घोषणा झाली त्या दिवसापासून आमच्या घरांचे भाव चढू लागले. त्यासाठी एकाही रहिवाशाने काहीही केलं नव्हतं, पण ते सगळ्यांनी अगदी मन लावून केलं होतं. इमारतीचे सचिव आयुष्यभर विमा विकून निवृत्त झालेले गृहस्थ. ते लिफ्टमध्ये भेटले की तब्येत विचारण्याऐवजी नवा दर सांगत. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर तो रुग्णाचं तोंड उघडं असताना सांगत, त्यामुळे त्यावर कुणाचा आक्षेप आल्याची नोंद नाही. मी शास्त्र शिकलेली असल्याने असल्या गोष्टींना भुलत नाही. मी फक्त सकाळी दात घासताना घराच्या क्षेत्रफळाला नव्या दराने गुणत असे, आणि गुणाकार चुकला तर नाही ना, हे पाहायला रात्री पुन्हा.

मग रेल्वे विभागाची सूचना आली. तिचा मथितार्थ असा: स्टेशनच्या दारापासून पाचशे मीटरच्या वर्तुळातल्या घरांची किंमत रेल्वेमुळे वाढली आहे. ही वाढ घरमालकांनी कमावलेली नाही. सबब तिचा पाचवा हिस्सा विभागाकडे भरावा, म्हणजे त्यातून रेल्वे बांधता येईल.

या योजनेचं मला मनापासून कौतुक वाटलं. रेल्वे येणार म्हणून भाव वाढतो आणि भाव वाढला म्हणून रेल्वे येते. बाहेरून काहीही न घालता कायम फिरत राहणारं यंत्र अशक्य असतं, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. ते घर या पदार्थावर कुणी करून पाहिलं नव्हतं, एवढंच.

अडचण निघाली ती भाषेची. 'वाढ' हा शब्द आपल्याकडे नाम म्हणून फार गोड आहे. तोच आज्ञार्थी क्रियापद झाला की समोरचा ताट घेऊन बसलेला असतो. तोवर सगळी इमारत तो नाम म्हणून वापरत होती. विभागाने तो क्रियापद म्हणून वापरला.

गच्चीवर तातडीची सभा झाली.

"मॅडम, तुम्ही मोजमापातल्या," सचिव मला म्हणाले. "तुम्ही एकदा शास्त्रशुद्ध सिद्ध करा की वाढ झालेलीच नाही."

"पण झालीय."

"ती आपल्याला झालीय. त्यांना नाही."

"हे म्हणजे दाढ दुखते का, असं विचारल्यासारखं आहे," दातांचे डॉक्टर म्हणाले. "फी सांगितली की निम्म्यांची थांबते."

मी नाही म्हणायला हवं होतं, असं वाचकांना वाटेल. परंतु 'शास्त्रशुद्ध' हा शब्द कुणी माझ्याकडे पाहून उच्चारला की मला नाही म्हणता येत नाही. शिवाय माझा पाचवा हिस्साही मी दात घासताना काढून पाहिला होता.

हरकतीचा मसुदा मी तीन आठवडे खपून केला. त्यात रेल्वेमुळे होणारे तोटे क्रमाने मांडले: आवाज, धूळ, सावली, खांबांचा कंप (यामुळे डॉक्टरांचा हात हलून चांगला दात निघण्याची शक्यता, हे आधीही दोनदा झालं होतं, पण तेव्हा रेल्वे नसल्याने कारण सापडलं नव्हतं), आणि धावत्या गाडीतून आमची स्वयंपाकघरं दिसल्याने होणारा मानसिक त्रास. फायद्यांच्या रकान्यासाठी मी घरोघरी फिरून विचारलं, तुम्ही स्टेशन वापरणार का? प्रत्येकाने आधी विचारलं, कोण विचारतंय? विभाग, असं सांगितल्यावर प्रत्येकाने नाही म्हटलं.

फक्त आमच्या घरात उत्तर आलं, "हो. पहिल्याच गाडीने."

"आई, ही पाहणी आहे."

"मग नीट पाहा की. हो."

बाकीच्या नोंदींपासून फटकून राहणारी एखादी नोंद ही उपकरणाचा दोष समजून वगळावी, अशी आमच्या शास्त्रात रीत आहे. मी रीतीप्रमाणे वगळली. स्टेशनचा अपेक्षित वापर शून्य आला. इतका स्वच्छ निष्कर्ष माझ्या कारकिर्दीत पहिल्यांदाच येत होता.

सुनावणीला विभागाच्या अधिकारी बाई होत्या. चष्मा पुसून त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचलं. कुणी आपलं लिखाण इतकं मन लावून वाचावं याचा मला अभिमानच वाटला.

"फार व्यवस्थित काम आहे," त्या म्हणाल्या. "पटलं."

सचिवांनी पुढच्या युक्तिवादाचा कागद घडी करून खिशात घातला.

"म्हणजे हिस्सा माफ?" त्यांनी विचारलं.

"माफ. अहो, ज्यांना फायदाच नाही त्यांच्याकडून घ्यायचं कसं? आणि ज्यांना त्रासच होणार, त्यांच्या गल्लीत दार तरी का काढायचं? ते दार आणि लिफ्ट तुमच्याच हिश्श्यातून होणार होतं." त्यांनी नकाशावर एक छोटी फुली मारली. "रुळांच्या पलीकडच्या इमारतींनी भरलाय. दार तिकडे देऊ."

परत येताना सचिवांनी मला शाल द्यायचा विचार बोलून दाखवला. महिनाभरात आमचे भाव जिथून चढले होते त्याच्याही खाली आले, कारण आता आम्हाला रेल्वे नव्हती आणि आवाज, धूळ, सावली व कंप मात्र होते, तेही शास्त्रशुद्ध सिद्ध झालेले. सचिव पुन्हा माझ्याकडे आले.

"दार मागणारा अर्ज करू या. नवीन मेहनत नको, मॅडम. आकडे तेच ठेवा, फक्त चिन्हं बदला."

मी बदलली. उत्तरादाखल विभागाने माझा आधीचा अहवाल सन्मानपूर्वक जोडून पाठवला.

स्टेशन वेळेवर पूर्ण झालं. आमची तिसऱ्या मजल्यावरची खिडकी आणि फलाट बरोबर एका पातळीत आले. मधे रूळ आहेत, आणि खाली पादचाऱ्यांना बंद असलेला रुंद रस्ता. पलीकडच्या दाराशी जायला पुलावरून वळसा घालावा लागतो. माझ्या पायांनी पाऊण तास. आईच्या पायांनी मोजलेलं नाही.

"ती काचेची लिफ्ट कुणाची?" आईने खिडकीतून विचारलं.

"पलीकडच्यांची."

"त्यांना कशी मिळाली?"

"हिस्सा भरला."

आईने किती ते विचारलं, मी सांगितलं. मग ती म्हणाली, "मला एकदा विचारायचं होतंस."

"विचारलं होतं."

"मग?"

"तुझं उत्तर बाकीच्यांशी जुळत नव्हतं."

हल्ली दर गुरुवारी मावशी नदीपलीकडून गाडीने येते. खाली उतरून वळसा घालण्याइतके गुडघे तिच्याकडेही नाहीत, म्हणून ती फलाटावरच बसते. आई खिडकीत खुर्ची घेते. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात दोघी एकमेकींशी ओरडून बोलतात. गाडी आली की वाक्य अर्धं राहतं, गेली की पुढे सुरू होतं. भाच्याच्या नोकरीपासून पोट साफ होण्यापर्यंत सगळं सगळ्या फलाटाला ठाऊक झालं आहे.

मी घर विकायला काढलं आहे. जाहिरातीत 'स्टेशन हाकेच्या अंतरावर' असं लिहिलं आहे. असं लिहिणारे पुष्कळ असतात. प्रत्यक्ष हाक मारून तपासलेलं विधान बाजारात हे एकच असावं.

वाचकांना यात हसू आलं असेल तर माझी हरकत नाही. पण मघाशी पाचशे मीटरच्या वर्तुळाचा उल्लेख आला, तेव्हा तुम्ही मनातल्या मनात तुमच्या दारापासून जवळच्या स्टेशनपर्यंतचं अंतर मोजलंत. माझं कामच मोजमापाचं आहे, त्यामुळे कळतं. मला फक्त एवढंच विचारायचं होतं की आकडा कमी यावा असं वाटत होतं, की जास्त?

सांगायची घाई नाही. कोण विचारतंय, ते आधी पाहून घ्या.