उणे एक किलोची सायकल

वस्तू जितकी हलकी तितका तिचा मालक भारी, या पायावर आधुनिक जीवन उभं आहे. फोन पातळ हवा, घड्याळ पातळ हवं, आणि सायकल अशी हवी की उचलल्यावर माणसाला वाटावं, आपण काही उचललंच नाही. हे ज्याला पटत नाही तो माणूस मागासलेला असतो आणि त्याच्या सायकलीला कॅरिअर असतं.

धनराज मागासलेला नव्हता. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात तो कोळसा विभागात बाबू होता. दिवसभर त्याच्या खिडकीसमोरून कोळशाच्या वाघिणी जायच्या (रेल्वेच्या, दुसऱ्या वाघिणींचा वनखात्याकडे वेगळा हिशोब असतो) आणि तो हजारो टनांच्या नोंदी करायचा. ज्याचा जन्म टनांत चालला आहे त्याला ग्रामची ओढ लागावी, यात नवल काही नाही. हलवाई घरी आल्यावर ठेचाच मागतो.

म्हणून ऊर्जानगरात 'हलकी सायकल व सुटे भाग प्रेमी मंडळ' स्थापन झालं, तेव्हा धनराज पहिल्या दिवशीच सभासद झाला. मंडळाची निष्ठा अॅल्युमिनियमवर होती. शहरांकडचे लोक कार्बनच्या सायकली घेतात आणि त्या आणखी हलक्या भरतात, हे मंडळाला ठाऊक होतं. पण अध्यक्ष श्रावणसाहेबांनी पहिल्याच सभेत त्याचा निकाल लावून टाकला होता. "कार्बन म्हनजे काय? कोळसाच न? दिवसभर कोळशात राहाचं, अन् संध्याकाळी घरी येऊन पुन्हा कोळशावरच बसाचं?" यावर इतक्या टाळ्या पडल्या की कार्बन हा शब्द इतिवृत्तातूनही वगळण्यात आला. शिवाय अॅल्युमिनियम घरचंच माणूस. प्रत्येक क्वार्टरात त्याचा एखादा भाताचा गंज, एखादी परात होतीच.

मंडळाचे नियम मोजके पण कडक होते. स्टँड नको. घंटी नको. मडगार्ड नको. कुलूप नको, कारण कुलपाला वजन असतं. आता स्टँड नाही, कुलूप नाही, आणि भिंतीला टेकवावी तर रंग जातो, म्हणजे सायकल मालकानं धरूनच ठेवावी लागते. त्यामुळे मंडळाच्या सर्व सभा उभ्यानं होत, चहा एका हातानं प्यायला जाई आणि ठराव हात वर करून मंजूर होत नसत, मान हलवून होत. (भारतात इतक्या शिस्तीची दुसरी संस्था नाही.) वार्षिक अहवालानुसार सभासदांचा सायकलीविषयी बोलण्यात गेलेला वेळ हा सायकल चालवण्यात गेलेल्या वेळेच्या चाळीसपट होता आणि अपघात शून्य होते. बोलणं हा सर्वांत सुरक्षित व्यायाम आहे, हे मंडळानं अशा रीतीनं आकडेवारीनिशी सिद्ध केलं.

धनराजनं तर कमालच केली होती. पुढच्या चाकाचा चिमटा बदलला, सीटचा दांडा बदलला, पायडलं अशी बसवली की त्यांवर नुसता जोड्याचा पुढचा भाग मावावा. ट्यूबच्या तोंडावरचं प्लास्टिकचं टोपण काढून फेकलं, तेव्हा सायकल ग्रामभर हलकी झाली म्हणून त्यानं बायकोला शिरा करायला लावला आणि दोन वाट्या खाल्ला. (स्वाराच्या पोटातल्या मालाविषयी मंडळाचे नियम मौन बाळगतात.)

हे सगळं कशासाठी? गादीसाठी. दरवर्षी ज्याची सायकल सर्वांत हलकी भरेल तो वर्षभर अध्यक्ष, त्याच्या अंगात पिवळा सदरा, आणि त्याची सायकल मंडळाच्या खोलीत भिंतीवर. तिथं ती वर्षभर टांगून राहते; तिच्यावर बसता येत नाही. जिंकलेल्या सायकलीवर बसणं हा अध्यक्षपदाचा राजीनामा समजला जाईल, असा नियमच होता. धनराजला हा सदरा इतका हवा होता, इतका हवा होता, की त्यानं त्याचं माप आधीच देऊन ठेवलं होतं.

मार्गात अडचण एकच होती. ती म्हणजे त्याची माय.

बायनाबाई गोंडपिपरीकडच्या गावात राहायची. तिच्या घरची रीत अशी, की नव्या धानाचे पहिले तांदूळ मायनं आपल्या हातानं लेकाच्या हातात द्यायचे. मध्ये तिसऱ्याचा हात लागायचा नाही, आणि लेकाच्या चुलीपाशी पोचेपर्यंत गाठोडं भुईला टेकवायचं नाही. ही रीत ज्यांनी घातली त्यांच्या सायकलींना कॅरिअर होतं. धनराजची सायकल आल्यापासून तो गावी गेलाच नव्हता. फोनवर म्हणायचा, "माय, इथी मस्त तांदूळ भेटते वं, तू काऊन तरास घेतं?" माय म्हणायची, "भेटते रे बापा, पन मी देल्लेले भेटते का?" यावर धनराज नेटवर्क गेल्याचं सांगायचा.

या साली मंडळानं ठरवलं की वजनं गोंडपिपरीच्या एका धानाच्या गिरणीतल्या, ट्रक तोलायच्या धरमकाट्यावर व्हावीत. कारण काय, ते मयुरीला ऐनवेळी कळलं. मयुरी, म्हणजे धनराजची बायको, दवाखान्यात नर्स. स्पर्धेच्या दिवशी सकाळी नियमाप्रमाणे सभासदांची वजनं तिनं दवाखान्याच्या काट्यावर घेतली. घेता घेता ती सहज म्हणाली, "सायकली बी चढवा न याच्यावरच. हा ग्रामपर्यंत दाखवते."

सगळे हसले. बाईमाणूस आहे, तिला काय कळणार, अशा प्रेमानं हसले. श्रावणसाहेबांनी तिला समजावलं, "बाई, हा मानसाचा काटा हाय. आपन कोळशाची मानसं. ज्या काट्यावर ट्रक चढत नाई त्याले आपन काटा म्हनत नाई."

"बरं," मयुरी म्हणाली, आणि नवऱ्याच्या नावापुढे एक्क्याऐंशी किलो लिहून मोकळी झाली.

मग मंडळ निघालं. थंडीचे दिवस, कोठारीकडचं जंगल, दोन्ही बाजूंनी साग, आणि मधून अकरा अॅल्युमिनियमच्या सायकली सुळसुळत चाललेल्या. धनराजला तर इतका हर्ष झाला की तो गाऊ लागला. (गाण्याला वजन नसतं. हे त्यानं आधी विचारून घेतलं होतं.)

गोंडपिपरी अगदी जवळ आली आणि गावाच्या फाट्यावर बायनाबाई उभी. कडेवर गाठोडं. मयुरीनंच तिला कळवलं होतं.

"आला का रे माझा बाबू!" मायनं लांबूनच हाक दिली. धनराजला थांबावं लागलं. बाकीचे पुढे निघून गेले.

मायनं आधी सायकल पाहिली. मग गाठोडं तसंच कडेवर ठेवून दुसऱ्या हातानं ती सायकल उचलली. वर नेली, खाली आणली, पुन्हा वर नेली आणि लहान पोरीसारखी हसत सुटली. "बाप्पा बाप्पा! लयच हलकी हाय रे! कोंबड्यापरीस थोडीशीच जड म्हन नं!"

इतक्या मनापासून कौतुक मंडळातही कोणी केलं नव्हतं. धनराजची छाती फुगली. तो चिमट्याविषयी सांगू लागला, दांड्याविषयी सांगू लागला, टोपणाविषयीसुद्धा सांगितलं. मायनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चांगलं केलं बापा. सायकलीचं वजन कमी केलं, म्हनजे आता तेवढा माल जास्त नेता येते. घे."

आणि गाठोडं पुढे केलं. पाच किलो तांदूळ होते.

सायकल हलकी का करतात, या प्रश्नाचा मंडळात आजवर कोणी उच्चार केला नव्हता. पण पुढे धरमकाटा होता, पिवळा सदरा होता, आणि एकदा हातात घेतलं की गाठोडं खाली ठेवता येणार नव्हतं. "माय," तो म्हणाला, "वजन होऊ दे. वापस येतो, मंग घेतो."

"जा," माय म्हणाली. "मी हाव इथीच."

गिरणीत झिंगूभाऊ काट्यावर बसला होता. अकरा सायकली पाहून तो म्हणाला, "साहेब, हा ट्रकचा काटा हाय. दहा-दहा किलोच्या हिशोबानं दाखवते. वरचे सुटे किलो सोडून देते."

"मंग बरोबर जागी आलो," श्रावणसाहेब म्हणाले.

पहिली सायकल चढली. काट्यानं शून्य दाखवलं. दुसरी चढली, शून्य. अकराच्या अकरा सायकलींचं वजन शून्य भरलं. मंडळात एकच जल्लोष झाला, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली (एका हातानं). शून्य किलोची सायकल जगात कोणाकडे नाही आणि इथं अकरा! पण गादी एक होती. तेव्हा स्वारासकट सायकल काट्यावर चढवावी आणि त्यातून स्वाराचं सकाळचं वजन वजा करावं, असा शास्त्रशुद्ध तोडगा निघाला. भरलेल्या ट्रकातून रिकामा ट्रक वजा केला की कोळसा उरतो, तसंच हे.

श्रावणसाहेब सकाळी सत्त्याऐंशी भरले होते. सायकलीसकट काट्यानं नव्वद दाखवलं. म्हणजे सायकल तीन किलो. टाळ्या!

बाकी नऊ सायकली त्याहून जड भरल्या. शेवटी धनराज चढला. माणूस एक्क्याऐंशी. काट्यानं दाखवलं ऐंशी.

कोणीतरी वजाबाकी केली. सायकल उणे एक किलो. म्हणजे तिच्यावर बसलं की माणूस मुळात होता त्याहून एक किलो कमी होतो! झिंगूभाऊ काही बोलायला गेला, पण त्याच्या तोंडात पेढा कोंबला गेला. "धनराजभाऊ आगे बढो"च्या घोषणा झाल्या, पिवळा सदरा आला, अंगात चपखल बसला. परतीसाठी सायकलींना पिकअप सांगितलेली होती, रस्त्याची धूळ लागून वजन वाढायला नको म्हणून. श्रावणसाहेबांनी उणे एक किलोची सायकल तिच्यात गादी घालून निजवली.

तेवढ्यात धनराजचा फोन वाजला. मयुरी होती.

"तुमी हाय कुठी? माय फाट्यावर उभी हाय. मले फोन केला तिनं, बाबू वापस आला नाई अजून म्हने. गाठोडं खाली ठेवता येत नाई म्हनून बसली बी नाई, जेवली बी नाई."

धनराजला लाज वाटली, चांगली सणसणीत लाज वाटली, पिवळ्या सदऱ्याच्या आत कान तापेपर्यंत. त्यानं पिकअपमधली सायकल काढली.

"अरे अरे!" श्रावणसाहेब ओरडले. "बसला त गादी गेली!"

"जाऊ द्या," धनराज म्हणाला आणि बसला.

माय फाट्यावर तशीच उभी होती. तिनं गाठोडं त्याच्या हातात दिलं, मग आपल्या शालीनं ते त्याच्या पाठीशी बांधून दिलं, लेकराला बांधतात तसं. सायकल एकदा पुन्हा उचलून पाहिली आणि तिला आणखी जागा दिसली. मग गावातून दोन दोडके आले. मग जवसाची चटणी आली. मग शेजारच्या ठमाबाईच्या घरून दुधीभोपळा आला. "हलकी हाय न रे," माय प्रत्येक वेळी म्हणायची. शेवटी एक कोंबडा आला. त्याला हँडलला बांधण्यात आलं.

आणि काय सांगावं! धनराज असा निघाला की त्याला स्वतःलाच खरं वाटेना. मंडळाच्या पूर्ण कारकिर्दीत त्यानं एवढी सलग सायकल चालवली नव्हती; सकाळीसुद्धा मंडळ टपरी-टपरीला थांबत आलं होतं. पाठीवर तांदूळ, दांड्याला भोपळा, अंगात जप्त होऊ घातलेला सदरा, आणि प्रत्येक वळणावर कोंबडा बांग देत रस्ता मोकळा करतोय. ट्रकवाले हात दाखवत होते. चढावर दम लागला, उतारावर सायकल वाऱ्यासारखी सुटली आणि धनराज एकटाच मोठमोठ्यानं हसत ऊर्जानगरात शिरला.

मंडळाची नोटीस त्याच्या आधी घरी पोचली होती. गादी तीन किलोवाल्या श्रावणसाहेबांकडे, आणि धनराजचं सभासदत्व 'मालवाहतूक' या कारणास्तव रद्द. नोटीस द्यायला मंडळाचे दहाही जण आले होते. पण मयुरीनं तेवढ्यात तांदूळ शिजत घातले, नव्या तांदळाचा वास जिन्यापर्यंत गेला, आणि मंडळ दारात सायकली धरून घुटमळू लागलं. अखेर संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदाच सायकली भिंतीला टेकवण्यात आल्या आणि सगळे मांडी घालून बसले. कोंबडा वाचला; त्याला मानद सभासदत्व देण्यात आलं.

तर अशी ही हलक्या डोक्याच्या माणसांची गोष्ट. आपण शहाणे लोक यावर हसू शकतो, हसावंही. फक्त धनराज निदान फाट्यावर परत तरी गेला, एवढं लक्षात असू द्यावं. मागल्या खेपेला गावाहून निघताना आईनं तांदळाची पिशवी पुढे केली, तेव्हा "आता जागा नाही गं, तिकडं सगळं मिळतं" असं आपण म्हणालो होतो. आणि आपल्या बॅगेला तर चाकं होती.