शेळक्यांच्या हातांची अदलाबदल

आमच्या बेलखडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दर मंगळवारी हातांची कातडी काढून तपासायला ठेवून घेतात आणि शुक्रवारी परत देतात. कातडी मनगटापासून मोज्यासारखी उतरते, दुखत नाही. पेशंटने हातांना मलमलीचं फडकं गुंडाळून घरी जायचं, एवढीच अट. मी इथला औषधनिर्माता. डॉक्टर मुलाणी मॅडमनी निदान सांगितलं की कातडीला मलम थापायचं, सावलीत दोरीवर घालायची आणि शुक्रवारी पुडकं बांधून द्यायचं, हे काम माझं. बारा वर्षांत माझ्या हातून एकच चूक झाली आणि ती माझ्याच शहाणपणामुळे झाली.

त्याचं असं झालं की इथल्या बायका नवऱ्याचं नाव सरळ घेत नाहीत, उखाण्यात घेतात. एकेका पुडक्यामागे एकेक उखाणा ऐकून रांग दुपारपर्यंत हलायची नाही. म्हणून मी पुडक्यावर फक्त आडनाव लिहायला लागलो. या सुधारणेबद्दल मी स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

एका मंगळवारी हौसाबाई शेळके आणि त्यांची सून रोहिणी, दोघींनी कातडी जमा केली. हौसाबाईंच्या हातांवर पांढुरके ठिपके होते. हे कोड तर नाही ना, या धास्तीने त्यांनी दोन दिवस जेवण टाकलं होतं. मुलाणी मॅडमनी काचपट्टीने जरासं खरवडून पाहिलं, भुसा पडला, आणि ही साधी शिबं आहेत, औषधाने जातील, असं सांगितलं. रोहिणीचं दुखणं पाच वर्षांचं जुनं होतं. तळहात लाल, बोटांच्या पेरांना चिरा, चिरांतून पाणी. मॅडमनी लिहिलं: इसब, भांड्यांच्या पावडरमुळे. पंधरा दिवस पाणी, पावडर, कांदा, लसूण, मिरची बंद. दोन वेळा मलम.

हा कागद रोहिणीला तिसऱ्यांदा मिळत होता. आधीचे दोन्ही हौसाबाईंनी चुलीत घातले होते. आम्ही राखेनं भांडी घासली, आमची बोटं काय गळून पडली नाहीत, असं त्यांचं म्हणणं. सुनेचं दुखणं म्हणजे नाटकं. रोहिणीला भांड्यांचं फारसं वाईट वाटत नव्हतं. तिची मुलगी आठ महिन्यांची होती आणि त्या खरखरीत हातांनी तेल लावलं की किंचाळायची. म्हणून बाळाची आंघोळ पहिल्या दिवसापासून आजीच घालायची. पोटच्या पोरीला रोहिणीने एकदाही न्हाऊ घातलं नव्हतं. मलम घेताना तिने मला तेवढंच विचारलं होतं, की पोरगी चालायला लागायच्या आत हे हात बरे होतील का. मी होय म्हणालो होतो. मला काहीच ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी हौसाबाई एकट्याच आल्या. दोन्ही पुडक्यांवर ‘शेळके’. दोन्हींवर सारखंच पांढरं मलम. थोरलेपणाच्या हक्काने त्यांनी वरचं पुडकं सोडून तिथेच हातांवर चढवलं आणि दुसरं सुनेसाठी नेलं.

शनिवारी सकाळी दोघी दारात. हौसाबाईंनी हात पुढे धरले होते, बोटं मिटत नव्हती.

“भाऊ, हे हात माझं न्हाईत,” त्या म्हणाल्या.

मॅडमनी नियम वाचून दाखवला. एकदा चढवलेली कातडी पंधरा दिवस सुटत नाही. आणि औषधाचा कागद कातडीचा असतो, माणसाचा नव्हे. जो घालेल त्याने पाळायचा. हौसाबाई बाकावर बसल्या. बराच वेळ त्यांनी त्या चिरा पाहिल्या.

“रोहिणी, तुला हे रोज हुतं?”

“रोज, आत्याबाई.”

हौसाबाईंनी मॅडमकडून इसबाचा कागद मागून घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला.

पुढचं आमच्या केंद्राच्या आशाताईंनी सांगितलं, त्या शेळक्यांच्या शेजारीच राहतात. हौसाबाईंनी कागद देव्हाऱ्याजवळ चिकटवला आणि अक्षरशः पाळला. बाळाला त्यांनी एकदा हात लावून पाहिला, बाळ किंचाळलं. आंघोळ आपोआप रोहिणीकडे गेली आणि आजीच्याच मऊ हातांनी होत असल्यामुळे बाळ खुशीत. आता रोहिणीचे हात धडधाकट, म्हणजे भांडी तिनेच घासायची, असं कोणालाही वाटेल. पण पहिल्याच दिवशी ती मोरीवर बसली तशा हौसाबाई धावल्या. ती आपली कातडी आहे, ती पावडरच्या पाण्यात घालायची नाही, असं त्यांनी बजावलं. मग घरात हात उरले ते शेळके आजोबांचे आणि त्यांच्या मुलाचे. पहिले दोन दिवस बापलेकांनी एकमेकांकडे पाहण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी ताटं संपली, तेव्हा ते मोरीवर बसले.

सोळाव्या दिवशी चौघं जण बाळासकट केंद्रात आले. दोघींनी कातडी उतरवून दिली आणि मी पुडक्यांवर पूर्ण नावं लिहिली, उखाण्यांसकट. मॅडमनी इसबाची कातडी उजेडात धरली. चिरा बुजल्या होत्या, नवी त्वचा गुलाबी दिसत होती. पाच वर्षांत न झालेलं पंधरा दिवसांत झालं होतं.

रोहिणीने स्वतःचे हात चढवले, उलटसुलट करून पाहिले आणि बाळाला घेतलं. बाळ या हातांनी दचकलं आणि रडायला लागलं. रोहिणीचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तिने बाळ सासूकडे द्यायला हात लांबवले. हौसाबाईंच्या हातांना आता त्यांची स्वतःची मऊ कातडी होती. त्यांनी घेतलं असतं, तर बाळ त्याच क्षणी गप्प झालं असतं. त्यांनी हात पदराखाली घेतले.

“रडू दे तिला. आईच्या हातांची सवय करावी लागंल,” त्या म्हणाल्या. “आंघोळ उद्यापासनं तूच घालायची.”

शेळके आजोबांनी घसा खाकरून विचारलं, आता भांड्यांचं काय. हौसाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मॅडमनी बापलेकांचे तळहात तपासले, दोन्ही निरोगी आहेत असं लिहून दिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. रोहिणी बाकावर बसून बाळाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रांगेतला सातवा नंबर येईपर्यंत बाळ तिच्या तळहातावर गाल टेकून झोपलं होतं.