जंगलातला इस्त्रीचा शर्ट

माणसं जंगलात राहायला जाताना जुनेपाने कपडे घेतात. आमचे माणिकमामा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घेत. तो चुरगळू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांच्या मधे दाबून, वर्तमानपत्रात गुंडाळून, बसमध्ये स्वतःच्या मांडीवर. तंबू, पातेलं आणि तांदूळ माझ्या मांडीवर.

मामा माझे घरमालक. मूळ नांदेडकडच्या शेतकरी घरातले, पण सगळी हयात हैदराबादेत, मालगाडीचे गार्ड म्हणून गेलेली. तारनाक्याच्या घरात खाली ते आणि त्यांची मुलगी शोभाताई, वर भाडेकरू म्हणून मी. मी पुण्याहून नुकताच एका कॉम्प्युटर कंपनीत आलो होतो. अशा कंपन्या तेव्हा नव्यानेच निघत होत्या आणि आम्ही त्यातली पोरं स्वतःला अमेरिकेच्या एका पायरीवर समजत होतो. पायरी कुठली ते कुणी विचारलं नव्हतं म्हणून बरं.

महिन्यातून एकदा मामा विकाराबादजवळ अनंतगिरीच्या डोंगरात तंबू ठोकून एक रात्र राहत. मागे एकदा एकटेच गेले आणि दगडावरून घसरून गुडघा मोडून घेऊन आले. तेव्हापासून शोभाताईंची अट होती. "जोडीला कुणी असेल तरच जायचं, बाबा. नसेल तर तंबू माळ्यावर." माझ्याआधीचे तीन भाडेकरू एकेकदा जाऊन आले. दुसऱ्यांदा विचारल्यावर तिघांच्याही गावाकडे अचानक लग्नं निघाली. आता उरलो मी.

मी का गेलो, ते सांगायला लाज वाटते. अमेरिकेच्या एका साहेबानं फोनवर विचारलं, सुट्टीत काय करतोस? मी ठोकून दिलं, डोंगरात तंबू लावून राहतो. खरं तर सुट्टीत मी झोपत असे. बोललेलं खोटं निदान एकदा खरं करावं, एवढाच हेतू.

"परेशान होऊ नका, इंजिनियरसाब," मामा म्हणाले. "तिथं भाडं नाही, बिल नाही, नळ नाही, संडास नाही. शिकायत करायला काउंटरच नाही."

मी माझ्या परीनं तयारी केली. मोठी बॅटरी, डास पळवायचं मलम, हवा भरायची उशी आणि विकतच्या पाण्याच्या चार बाटल्या. त्यातल्या दोन पिण्यासाठी वापरल्या. दुसऱ्या दोन कुठल्या कामी आल्या ते विचारू नका.

तंबू अफझलगंजच्या एका ताडपत्रीवाल्याकडून शिवून घेतलेला. मी म्हटलं, मामा, तुम्ही बसा, मी लावतो. अर्ध्या तासानं मी तंबूच्या आत होतो, पण तंबू उभा नव्हता. बाहेरून मामांचा आवाज आला, "घर पसंत पडलं का?"

मग त्यांनी गुडघा सांभाळत दोन बांबू रोवले, चार दोऱ्या ताणल्या आणि खिशातून शिट्टी काढून वाजवली. "आता चार्ज आपला." चार्ज आपला म्हणजे सगळे नियम त्यांचे. पडलेलीच लाकडं उचलायची. उरलेली रचून ठेवायची, पुढच्याला चार्ज साफ द्यायचा. जेवणाला शिट्टी, झोपायला शिट्टी. भात खालून करपला आणि वरून कच्चा राहिला. तो मी शिजवला होता. मामांनी मुकाट्यानं खाल्ला.

रात्रीबद्दल मी बोलणार नाही. उशीची हवा गेली, मग माझी गेली. पाठीखालचा प्रत्येक खडा ओळखीचा झाला. पहाटेपर्यंत मी एक वाक्य घोटून घोटून पाठ केलं, "मामा, पुढल्या महिन्यापासून कंपनीत रविवारचंही काम निघालंय."

उजाडलं तेव्हा मामा झाडाला आरसा टांगून दाढी करत होते. मलाही म्हणाले, करून घ्या.

"इथे कोण बघणार आहे, मामा?"

"बघणार आहे ना."

पुठ्ठ्यांमधला शर्ट निघाला. गळ्यापर्यंत बटणं लागली. फडक्यानं बूट पुसून झाले. मग लंगडत ते माळाच्या कडेला जाऊन उभे राहिले. खाली रेल्वेची लाइन वळण घेत होती. म्हातारा भ्रमिष्ट झालाय अशी माझी खात्री पटली आणि माझ्या वाक्याला आणखी जोर चढला.

तेवढ्यात तांडूरकडून सिमेंटची मालगाडी आली. मी लहान पोरासारखा इंजिनाला हात केला. ड्रायव्हरनं भोंगा दिला. मामांनी हात मागे बांधलेले, इंजिनाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"इंजिनाला सगळे हात करतात," समोरून मालाचे डबे जात असताना ते म्हणाले. "गाडी लंबी. आखरी डबा येईस्तोवर लेकरंबी घरला गेलेली असतात. अठ्ठावीस वर्षं मी त्या आखरी डब्यात बसलो. अकेला."

गाडी चढावर रखडत होती. मामा माझ्याकडे न बघता बोलत राहिले.

"शोभीची आई गेली त्या सकाळी मी ह्याच वळणावर होतो. मला काय मालूम. एक शेळ्यावाला हितं उभा होता, त्यानं हात केला. मीबी केला. ड्यूटी संपवून घरी पोचलो तर सगळं आटपलेलं. त्या दिवशी माझ्याकडं बघून हसलेला तेवढा एकच माणूस."

काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "मग गार्डची झेंडी का नाही आणली?"

"झेंडीचा हक्क रिटायर झालो तवाच गेला. हाताला कुणाची परमिशन लागत नाही. पण मळक्या कपड्यात हात केला तर त्याला वाटंल, कुणी मुसीबतीत आहे. गाडी थांबवंल बिचारा. म्हणून शर्ट."

शेवटचा डबा आला. दारात एक तरुण गार्ड मफलर गुंडाळून, हातात चहाचा ग्लास घेऊन उभा होता. नजर कुठेच नव्हती. मामांनी हात वर केला. तो दचकला. ग्लास खाली ठेवून ताठ उभा राहिला आणि हसून हात उंचावला. मग त्याची नजर माझ्यावर आली. चुरगळलेला टी-शर्ट, दाढी वाढलेली, तोंडावर मलमाचे पट्टे. तो क्षणभर ब्रेककडे वळला होता, असं मला आजही वाटतं. मी घाईघाईनं हसून हात हलवला. वळणाआड जाईपर्यंत त्याचा हात वर होता.

"ऑल राइट," मामा म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले.

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला पुढच्या महिन्याचं काहीच विचारलं नाही. तीन नकार ऐकलेला माणूस होता तो. आणि पाठ केलेलं वाक्य मला आता आठवतच नव्हतं.

दारातच शोभाताईंनी आमच्याकडे पाहिलं आणि काय ते समजल्या. "तंबू धुऊन माळ्यावर टाकू ना?"

मामा पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत होते. एकच नाडी, पण सुटता सुटेना.

मी म्हटलं, "शोभाताई, तुमचा इस्त्रीवाला कधी येतो? माझा एक पांढरा शर्ट द्यायचाय."

मामांनी मान वर केली नाही. नाडीशी खटपट करतच म्हणाले, "शोभे, कॉलर कडक करायला सांग त्याला."